गटाराच्या एस्टिमेटमध्ये झाडंही धरा

कोकण किनाऱ्यावरच्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांची टेंडरं निघायच्या आत हे पत्र आपल्या हाती पडावं, म्हणून आत्ताच लिहितो आहे. दरवर्षीचा क्रम आपल्याला पाठ आहे. मार्च-एप्रिलमध्ये नालेसफाई, पाणी बाहेर सोडणाऱ्या रस्त्याखालच्या मोऱ्यांची दुरुस्ती आणि गटारांची एस्टिमेटं होतात. मे महिन्यात रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या उतरवल्या जातात. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस होतो आणि बाजारपेठेत घोटाभर पाणी उभं राहतं. मग दुकानदार नगरपरिषदेच्या पायऱ्या चढतात आणि पुढच्या वर्षी गटार आणखी मोठं करायचं ठरतं.

मी स्थापत्य अभियंता आहे. घरांचे नकाशे, चिऱ्याची कंपाउंडं, पाखाड्या (दगडी पायवाटा), छोटी गटारं ही माझी रोजची कामं. माझं मागणं एकच आहे. शहरातली झाडं उद्यानाच्या खात्यातून काढून पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या खात्यात घ्या. गटाराचं एस्टिमेट करताना रस्त्यावरची झाडं आणि त्यांच्या बुंध्याभोवतीची उघडी माती हा निचऱ्याचाच भाग म्हणून मोजा, त्यासाठी रक्कम धरा, आणि जे काम ती माती बंद करतं त्या कामाला मंजुरी देऊ नका. सावली, गारवा, पक्षी ही सगळी कारणं खरी आहेत आणि मला मनापासून पटतात. पण सभेत ती ऐकून घेतली जातात आणि पुढचा विषय पुकारला जातो. म्हणून इथे फक्त पाण्याचा हिशेब मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवसांत महाड बुडालं, २००५ च्या जुलैतही महाडनं तेच सोसलं. वाशिष्ठी, सावित्री, जगबुडी, अर्जुना आणि कोदवली या नद्या घाटातलं आणि डोंगरातलं पाणी घेऊन येतात. तो लोंढा शहरातल्या रस्त्यांवरची झाडं थोपवू शकत नाहीत, आणि थोपवतील असं सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये. मी बोलतो आहे ते दुसऱ्या पाण्याबद्दल. नदी पात्रातच असते, तरी तासाभराच्या पावसात स्टँडसमोर, मच्छीमार्केटजवळ, शाळेच्या फाटकात जे पाणी साचतं ते शहराच्या हद्दीतच पडलेलं असतं. आपल्याच पत्र्यांवर, स्लॅबवर, डांबरावर आणि फरशांवर पडून ते काही मिनिटांत सखल जागी पोचतं. हे पाणी कमी करणं आणि उशिरा पोचवणं आपल्या हातात आहे.

उशीर हा शब्द मुद्दाम वापरला. किनाऱ्यावरच्या आपल्या बहुतेक गावांच्या मोऱ्या खाडीत किंवा खाडीला मिळणाऱ्या व्हाळात (ओढ्यात) उघडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती चढलेली असताना मोरीचं तोंड पाण्याखाली असतं. त्या वेळी गटार कितीही रुंद बांधा, पाणी बाहेर जाणार नाही, उलट खाडीचं पाणी आत येईल. भरती उतरेपर्यंतचे ते एक-दोन तास वरच्या आळीतलं पाणी वरच राहिलं, तर खालची दुकानं वाचतात. देशावरच्या शहरात पाणी किती, एवढंच पाहून बऱ्यापैकी भागतं. आपल्याला ते केव्हा येऊन पोचतं हेही तितकंच बघावं लागतं. सिमेंटचं गुळगुळीत गटार पाणी लवकर पोचवतं. झाड ते थांबवून ठेवतं.

कसं, ते पाहू. पावसाचा थेंब झाडावर पडला की त्याच्या तीन वाटा होतात. काही पाणी पानांवर, काटक्यांवर, खोडाच्या खरबरीत सालीवर चिकटून राहतं आणि पाऊस थांबल्यावर वाफ होऊन निघून जातं. काही पानांच्या टोकांवरून ठिबकतं, पण थेट पडलं असतं त्यापेक्षा उशिरा. पाऊस थांबल्यावरही झाडाखाली बराच वेळ थेंब पडत राहतात तो हाच उशीर. उरलेलं पाणी फांद्यांवरून वाहत खोडाशी येतं आणि बुंध्याशी उतरतं. आपल्यापैकी कुणालाही हे मोजून पाहायचं असेल तर सारख्या तोंडाचे दोन डबे घ्या. एक उघड्यावर ठेवा, एक जुन्या फणसाखाली किंवा वडाखाली. पहिली हलकी सर येऊन गेली की उघड्यावरच्या डब्याचा तळ झाकलेला असेल आणि झाडाखालचा डबा जवळजवळ कोरडा असेल. आपल्या अभियंत्यांना घेऊन ही गोष्ट एकदा करून पाहावी अशी माझी खरोखर इच्छा आहे, कारण कागदावरच्या आकड्यापेक्षा ती जास्त पटते.

आता त्याच्या मर्यादा. दहा मीटर व्यासाच्या पसाऱ्याचं झाड घ्या, म्हणजे चांगला वाढलेला आंबा किंवा करंज. त्याचा पसारा, म्हणजे पानाफांद्यांनी झाकलेली जागा, सुमारे ७८ चौरस मीटर होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. झाडाच्या पानाफांद्यांत एका वेळी साधारण एक-दोन मिलिमीटर पाऊस मावतो, म्हणजे ८० ते १५० लिटर. पाच मिलिमीटरची सर असेल तर हा मोठा वाटा झाला. पण तासात ५० मिलिमीटर कोसळला तर त्याच पसाऱ्यावर जवळपास ३,९०० लिटर पाणी पडतं, आणि त्यापुढे दीडशे लिटर म्हणजे काहीच नाही. परदेशातल्या शहरांतले मोठे टक्के आपल्याकडच्या व्याख्यानांत सांगितले जातात, ते बहुतेक हलका आणि सुटा सुटा पाऊस पडणाऱ्या जागचे असतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढातल्या सलग झडीत पानं ओलीच असतात, हवा दमट असते, वाफ होत नाही. त्यामुळे ते टक्के इथे जसेच्या तसे लावू नयेत.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. थंडीत पाऊस पडणाऱ्या देशांत ऐन पावसाच्या वेळी पानगळीची झाडं उघडी असतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये ऐन, किंजळ, बहावा पालवून उभे राहतात, आणि आंबा, फणस, जांभूळ, उंडी, बकुळ ही तर बारमाही पानांची. म्हणजे पाऊस येतो तेव्हा आपली झाडं पूर्ण पानांनिशी तयार असतात. निदान असायला हवीत. मे महिन्यातल्या तोडीबद्दल पुढे लिहितो.

पानांतून उरलेल्या पाण्याचं काय होतं, हा खरा मुद्दा आहे. झाडाचं मोठं काम जमिनीत होतं. मुळं माती भेदत जातात, जुनी मुळं कुजली की त्यांच्या जागी वाटा राहतात, पाचोळ्याखाली गांडुळं आणि किडे माती भुसभुशीत ठेवतात. अशी माती पाणी भराभर आत घेते. माणसांच्या आणि गाड्यांच्या वर्दळीनं ठोकून बसलेली माती, जरी उघडी असली, तरी पाणी वरच्या वर सोडून देते. बुंध्याभोवती तीन मीटर बाय तीन मीटर उघडी माती ठेवली आणि ती एक मीटर खोल धरली, तर नऊ घनमीटर होते. त्यातल्या पाचव्या भागाइतक्याच पोकळीत पाणी मावतं असं धरलं तरी १,८०० लिटर. मघाचे ३,९०० आठवा. पन्नास मिलिमीटरच्या पावसातलं झाडाच्या पसाऱ्यावरचं जवळजवळ निम्मं पाणी तिथेच थांबू शकतं, आणि त्याखेरीज खाली मुरतं ते वेगळं. सलग झडीत माती भरलेली असते तेव्हा हा आकडा घसरतो, हे खरं. पण मध्ये उघडीप पडली की झाड मुळांनी पाणी ओढून पानांतून सोडत राहतं आणि पुढच्या सरीसाठी जागा करून ठेवतं. कुठलंही सिमेंटचं टाकं आपणहून असं रिकामं होत नाही.

आता याच झाडाभोवती आपण काय ठेवतो ते पाहा. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन, कडेनं सिमेंटची कड, आत बहुधा मुरूम दाबलेला. त्यात सत्तर-पंच्याहत्तर लिटरही मावत नाहीत. अनेक ठिकाणी तर तोही चौकोन नाही.

आमच्या गावात (नाव लिहीत नाही, कारण हे चित्र किनाऱ्यावर कुठेही दिसेल) स्टँडकडून बाजारात उतरणाऱ्या रस्त्याला एक जुना आंबा आहे. पूर्वी त्याच्याभोवती चिऱ्याचा पार होता आणि पाराच्या आत माती आणि पाचोळा. सुशोभीकरणाच्या कामात पार निघाला आणि थेट खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले. जोराच्या पावसात मी तिथे उभा राहून पाहिलं आहे. आधी वाऱ्याकडची साल काळपट होते. मग मोठ्या दुबेळक्यात, म्हणजे फांद्या फुटतात त्या बेचक्यात, पाणी जमतं आणि सालीच्या खाचांतून धारा खाली सरकू लागतात. थोड्या वेळात खोडाच्या एका अंगानं हाताच्या रुंदीएवढा तांबूस पट्टा अखंड वाहू लागतो. तो बुंध्याशी येतो, ब्लॉकवर आपटतो, आत जायला फट नसते म्हणून खोडाला अर्धा वळसा घालतो, आणि उतार मिळाल्यावर फरशीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून समोरच्या कटलरीच्या दुकानाच्या पायरीशी जातो. मुळांनी प्यावं म्हणून झाडानं खोडाशी आणून दिलेलं पाणी आपण दुकानात पाठवतो. बुंधा बंद केलेलं झाड म्हणजे रस्त्यावर सोडलेली पन्हळ.

हे आपल्या भाषेत, म्हणजे एस्टिमेटच्या भाषेत सांगतो. गटाराचा आकार काढताना आपण तीन गोष्टी गुणतो: पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि पाणी वाहून जाण्याचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पाण्यातला किती वाटा न मुरता वाहून जातो तो आकडा. केंद्रीय गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयानं २०१९ मध्ये पावसाळी निचऱ्यासाठी स्वतंत्र मॅन्युअल काढलं, त्यातही ही पद्धत आहे. डांबर, काँक्रीट आणि छप्परं यांचा गुणांक ०.७ पासून ०.९५ पर्यंत धरतात, बागा आणि उघड्या हिरव्या जागांचा ०.१ ते ०.२५. एक एकर बाजारपेठ घ्या, ४,०४७ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटरांहून थोडं जास्त. गुणांक ०.९ असेल तर गटारात १ लाख ८२ हजार लिटर येणार. झाडं, उघडे पार, मातीच्या पट्ट्या ठेवून तोच गुणांक सरासरी ०.६ वर आणला तर १ लाख २१ हजार. दहा हजार लिटरचे सहा टँकर कमी. एका तासात, एका एकरात. हे सहा टँकर उन्हाळ्यात त्याच आळीला पाणी देण्यासाठी आपण बाहेरून आणत असतो, याचाही विचार व्हावा. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात एप्रिलला विहिरी तळ गाठतात. जांभा पाणी आत घेणारा दगड आहे, तो ते धरून ठेवत नाही हे मान्य, पण आधी त्याच्यापर्यंत पाणी पोचू तर द्यायला हवं.

मुंबई हे कोकणातलंच शहर. तिथली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल एवढीच होती. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांच्या सुधारणेसाठी झालेल्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला सांगितलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या शहराकडे जो पैसा आहे त्याच्या पासंगालाही आपल्या नगरपरिषदा पुरणार नाहीत. तरी तिथेही नुसतं गटार मोठं करत जाऊन प्रश्न सुटलेला नाही. आपण तो रस्ता पूर्ण चालून बघायची गरज नाही.

झाडं कुठे लावायची, यात आपल्या प्रभागांच्या हद्दी आड येतात, आणि हे मी थोडं सविस्तर लिहितो, कारण याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खाडीकाठच्या बाजारपेठेत पावसाळ्यात जमिनीतलं पाणी आधीच वर आलेलं असतं. तिथे कितीही माती उघडी ठेवली तरी आत मुरायला जागा थोडी. पाणी मुरवायची जागा वर असते: टेकडीच्या उताराच्या आळ्या, कोर्टाकडचा किंवा शाळेकडचा चढ, हायवेकडून खाली येणारा रस्ता. म्हणजे पाणी साचतं एका नगरसेवकाच्या प्रभागात आणि ते थोपवायचं काम होतं दुसऱ्याच्या प्रभागात. प्रभागनिहाय निधी वाटला की खालचा नगरसेवक गटार मागतो, कारण त्याच्या हद्दीत तेवढंच करता येतं, आणि वरचा नगरसेवक काँक्रीटचा रस्ता मागतो, कारण त्याच्याकडे पाणी साचतच नाही. दोघांचीही मागणी रास्त, आणि दोन्ही कामं झाली की बाजारात पाणी पूर्वीपेक्षा लवकर पोचतं. म्हणून ही तरतूद प्रभागाची न करता एका उताराची करावी. एका मोरीला जेवढा परिसर पाणी देतो, तेवढा सगळा एकत्र धरून वरपासून खालपर्यंत एकच एस्टिमेट. नगरपरिषदेचे अभियंते हे सहज करू शकतात, त्यांना फक्त सभागृहाचा पाठिंबा हवा.

झाडांना घाबरणारी माणसं आपल्याला भेटतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात किनाऱ्याला लागलं. रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, आंबे उन्मळले, घरांवर झाडं पडली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना अंगणातलं झाड नको वाटलं तर समजू शकतं. पण भीतीपोटी आपण जे करतो त्यानं झाड जास्त धोकादायक होतं. गटार खणताना जेसीबीनं एका बाजूची मुळं कापली जातात, वर काँक्रीट पडतं, उरलेल्या मुळांना हवा मिळत नाही. असं झाड वाऱ्यात तग धरत नाही. शेंडा छाटून टाकला की पुढच्या वर्षी तिथून फुटव्यांचा झुबका येतो, आणि असे फुटवे खोडाशी घट्ट जोडलेले नसल्यामुळे वाऱ्यात आधी तेच मोडतात. तारांना लागणाऱ्या फांद्या काढाव्याच लागतात. वाळलेल्या, पोखरलेल्या, रस्त्यावर लोंबणाऱ्याही काढाव्यात. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत, जाणत्या माणसाला उभं करून, फांदी पाहून करावं. मेअखेरीस ठेकेदार येतो आणि ट्रॉली भरेपर्यंत तोडतो, म्हणजे पाऊस झेलायच्या आठवडाभर आधी आपण झाडाची पानं काढून घेतो.

नारळ-पोफळी वाडीत उत्तम, पण रस्त्यावर पाणी अडवायचं काम त्यांचं नाही. दुभाजकात शोभेचे पाम लावले जातात, त्यांचा पसारा छत्रीएवढा. त्या जागी तारांखाली ताम्हण, बहावा, सुरंगी लावा. जिथे वर मोकळं आहे तिथे बकुळ, जांभूळ, करंज, आंबा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड टिकतात, आपल्या वाडवडिलांनी ती किनाऱ्याला लावली ती काही उगीच नव्हेत. पानांनी गटारं तुंबतात अशी तक्रार येते. पानं अडकतात हे खरं. जाळ्या साफ ठेवाव्या लागतात, आणि गोळा केलेला पाचोळा जाळण्यापेक्षा पारात परत टाकावा. पण आपल्या गटारांतला गाळ हातात घेऊन बघा, तो लाल असतो. टेकड्या उभ्या कापून प्लॉट पाडले जातात, तिथली माती पहिल्या पावसात खाली येते. पानांना दोष देण्याआधी त्या परवानग्यांकडे पाहावं लागेल. तो विषय मोठा आहे, या पत्रात वाढवत नाही.

आणखी एका हिशेबाकडे लक्ष वेधतो. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. त्यानं वृक्ष प्राधिकरण आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट घातली. ही सुधारणा चांगली आहे. तरी पाण्याच्या दृष्टीनं गणित पुरं पडत नाही. रोपाचा पसारा एक मीटर व्यासाचा धरला तर तो पाऊण चौरस मीटरच्या आसपास येतो. दहा मीटर व्यासाच्या झाडाइतका पसारा व्हायला अशी शंभर रोपं लागतात. वीस मीटरच्या वडाला चारशे. साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपं लावली, ती सगळी जगली असं मानलं, तरी पुढची कित्येक वर्षं त्या आळीत पाणी जास्त येणार. आणि रोपं लागतात बहुतेक गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत. तोडलेलं झाड ज्या मोरीचा भार हलका करत होतं, त्या मोरीला त्यांचा काहीच उपयोग नाही. हायवेच्या रुंदीकरणात गेलेल्या वडांच्या सावल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्याबद्दल वेगळं लिहायला नको. निदान गावातल्या कामांत तरी नियम असावा: झाड काढणं अटळच असेल तर बदली लागवड त्याच उतारावर, त्याच मोरीच्या वर.

वृक्षगणना होते तेव्हा झाडाची जात, घेर, उंची नोंदली जाते. त्यात दोन रकाने वाढवा. पसाऱ्याचा व्यास आणि बुंध्याभोवती उघडी माती किती चौरस मीटर. टेप घेऊन दोन माणसांचं काम आहे, कॉलेजची मुलंही करतील. हे दोन आकडे हाती आले की वर दिलेला सगळा हिशेब कुठल्याही आळीसाठी करता येतो. अमेरिकेच्या वनखात्यानं बनवलेलं आय-ट्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर असा हिशेब करतं, पण त्याच्यासाठी अडून राहायची गरज नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.

बुंधे मोकळे करणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात आधी करण्याचं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचा एक मीटर परिसर काँक्रीटमुक्त करायचा आदेश दिला होता. आपल्याला दिल्लीसारखा आदेश यायची वाट पाहायला नको. जिथे फूटपाथ अरुंद आहे तिथे एक मीटर, जिथे जागा आहे तिथे दीड-दोन मीटर चारी बाजूंनी. ब्लॉक काढा, खालचा दाबलेला मुरूम हातानं खणून काढा (मुळांजवळ मशीन नको), माती आणि पाचोळा भरा, आणि रस्त्याच्या कडेच्या कर्बला एक वीतभर खाच पाडा म्हणजे रस्त्यावरचं पाणी गटारात जायच्या आधी पारात उतरेल. स्टॉकहोममध्ये गेली काही वर्षं रस्त्यांच्या खाली मोठ्या खडीचा थर देऊन त्यात माती मुरवतात. खडीवर रस्त्याचा भार पडतो, फटींत मुळं वाढतात आणि छपरांचं, रस्त्यांचं पाणी तिथे सोडलं जातं. खडी आणि जांभ्याचे तुकडे आपल्याकडे हाताशी आहेत. नवीन रस्ता खणला जाईल तेव्हा एका आळीत हे करून बघण्यासारखं आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. एक उतार निवडा, ज्याच्या तळाशी दरवर्षी पाणी साचतं असा. त्या उतारावरच्या झाडांची मोजणी, बंद बुंध्यांची यादी आणि ते उघडण्याचं एस्टिमेट मी माझ्या गावासाठी मोबदला न घेता करून देईन, आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांतही माझ्यासारखे अभियंते आहेत जे विचारलंत तर येतील. एप्रिलअखेर बुंधे उघडे झाले तर या पावसाळ्यातच मोरीच्या तोंडाशी उभं राहून फरक मोजता येईल. मोजपट्टी रंगवून ठेवायची तेवढी, आणि पावसाच्या नोंदी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून मिळतात. मोजणीत फरक दिसला नाही तर तेही सभेपुढे मांडेन.

आणि सध्या जे सुशोभीकरणाचं काम मंजुरीला आलं असेल, त्याचा नकाशा एकदा काढून बघा. झाडाच्या खोडापर्यंत ब्लॉक दाखवले असतील तर तेवढी ओळ बदलून घ्या. तेवढे ब्लॉकही कमी लागतील.

कळावे,

आपला नम्र,
किनाऱ्यावरच्या एका गावचा रहिवासी आणि स्थापत्य अभियंता